मिटणारी रॉड आणि जोडायची रॉड

मुक्कामी गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जायचं ठरलं की खरी अडचण रॉडची असते. कपडे कोंबता येतात, चादर गुंडाळता येते, पण सात फुटांची काठी सकाळच्या लोकलमध्ये धरायची कुठे? मग आपण दुकानात जाऊन 'ट्रॅव्हल रॉड' मागतो आणि दुकानदार त्याच नावाने दोन वेगळ्या वस्तू काउंटरवर ठेवतो. एक दुर्बिणीसारखी स्वतःच्याच पोटात मिटते, ती टेलिस्कोपिक. दुसरीचे चार सुटे तुकडे असतात आणि ते एकमेकांत बसवायचे, ती फोर-पीस, म्हणजे आपली तुकड्यांची. दोन्ही सॅकमध्ये मावतात, उघडल्यावर दोन्ही सात फुटांच्याच होतात आणि दुरून पाहिलं तर कुठली कोणती ते ओळखूही येत नाही. म्हणून हातात जी लहान वाटेल ती घेऊन माणूस घरी येतो.

मीही तशीच टेलिस्कोपिक घेतली होती. मिटल्यावर जेमतेम हातभर. दोन वर्षं बँडस्टँडला आणि वरळीला तिने कधी दगा दिला नाही. मग एका मार्चमध्ये आम्ही तिघे रात्रभरासाठी कोर्लईला गेलो. गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग, एसटीने रेवदंडा आणि पुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून पायी. संध्याकाळी सहाला रॉड उघडली ती पहाटे साडेपाचपर्यंत उघडीच होती. मधे दोनदा वाळूत आडवी ठेवली, एकदा लाटेखाली आली, उत्तररात्री दव पडलं. दोन शिंगाळे आणि एक तांबोशी मिळाली, सगळे खुशीत होतो. उजाडताना मिटायला गेलो तर शेंड्याकडचे दोन सांधे आत गेले आणि तिसरा हलेना. पिळून पाहिलं, रुमाल गुंडाळून पाहिलं, दोघांनी दोन टोकं धरून जोर लावला. खडकांत चिंबोऱ्या शोधणारे एक काका थांबले. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "रेती खाल्लीय हिनं. आता जोर नको लावू पोरा, फाटंल."

पाच फूट उघडी रॉड हातात धरून पूल ओलांडला, एसटीत चढलो. अलिबागच्या स्टँडवर उतरताना ती दारात अडकली आणि सांध्यापाशीच मोडली. त्या दिवसापासून या दोन रॉडमधला फरक मला पाठ झाला.

टेलिस्कोपिकमध्ये सांधा असा वेगळा भाग नसतो. प्रत्येक नळी शेंड्याकडे किंचित निमुळती असते. ओढून बाहेर काढली की तिचा बुडाकडचा जाड भाग बाहेरच्या नळीच्या तोंडाशी येऊन आवळला जातो. तिथे ना आटा असतो, ना खाच. सगळा भार दोन निमुळत्या भिंतींच्या घर्षणावर. सात फुटांची रॉड हातभर व्हायची तर अशा पाच-सहा नळ्या लागतात, आणि प्रत्येक तोंडाशी वाळूला शिरायला जागा असते. कण एकच असला तरी पुरतो. तो दोन भिंतींमध्ये पाचरीसारखा बसतो, आणि आपण जितकं जोराने पिळू तितका आणखी रुततो. खाऱ्या पाण्याचं तर विचारू नका. रात्रभर सांध्यात मुरलेलं पाणी सकाळच्या वाऱ्याने सुकतं आणि मागे मीठ उरतं.

संध्याकाळच्या दोन तासांच्या गरवण्यात हे कळत नाही, कारण रॉड ओली असतानाच मिटून आपण घरी येतो आणि बाथरूममध्ये धुतो. मुक्कामाचं गणित वेगळं. पाणी साधारण सव्वासहा तासांनी पालटतं, म्हणजे एका रात्रीत भरती आणि ओहोटी दोन्ही अंगावरून जातात. आपल्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्रीही सव्वाआठच्या सुमारास पाणी भरलेलं. अंदाजच आहे तो, पण रात्र आखायला उपयोगी पडतो. या सगळ्या वेळात रॉड उघडी राहते, आणि गोड्या पाण्याची बाटली पिण्यासाठी राखलेली असते, रॉड धुण्यासाठी नाही.

तुकड्यांच्या रॉडला चार तुकड्यांमध्ये मोजून तीन सांधे असतात. बहुतेक रॉडमध्ये वरच्या तुकड्याचं पोकळ तोंड खालच्यावर टोपीसारखं बसतं. काहींमध्ये खालच्या तुकड्यातून एक खुंटी वर आलेली असते आणि वरचा तुकडा तिच्यावर चढतो. खुंटीच्या प्रकारात दोन तुकडे घट्ट बसल्यावरही मध्ये थोडी फट दिसते. नवीन माणूस ती बघून घाबरतो आणि आणखी दाबतो. दाबू नका, ती फट मुद्दामच ठेवलेली असते. वापराने खुंटी झिजत जाते तसतसा वरचा तुकडा खाली सरकतो, आणि त्यासाठी ती जागा हवी.

वाळू इथेही लागते. पण तुकडा सुटा होतो, त्यामुळे सांधा डोळ्यांना दिसतो, शर्टाच्या टोकाने पुसता येतो, तोंडात फुंकर मारता येते. टेलिस्कोपिकमध्ये कण कुठल्या नळीत आहे तेच कळत नाही. माझ्या लेखी दोन्हींमधला सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

दुसरा फरक वाकण्याचा. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ज्या कड्यांतून जातो त्या टेलिस्कोपिकवर मुख्यतः नळीच्या टोकाशीच बसवता येतात, मध्ये बसवल्या तर नळी आत जाणार कशी? म्हणून कड्या कमी, आणि त्यांची जागा रॉडच्या वाकण्यावरून नाही, मिटण्यावरून ठरलेली. मासा ओढायला लागला की भार त्या मोजक्या जागांवर पडतो आणि रॉड एकसंध कमान होण्याऐवजी टप्प्याटप्प्याने वाकते. तुकड्यांच्या रॉडवर कड्या हव्या तिथे, शेंड्याकडे दाट आणि बुंध्याकडे विरळ, अशा बांधता येतात. रात्री अंधारात मासा चाटतोय की पाणी ढकलतंय हे फक्त बोटांना कळतं, तेव्हा हा फरक जाणवतो. टेलिस्कोपिकवर मला शिंगाळ्याचा हिसका कळायचा, बोयचं हलकं चिमटणं कळायचं नाही.

आता वजन. इथे बहुतेकांची गफलत होते, माझीही झाली होती. जी लहान होते ती हलकी, असं आपण धरून चालतो. घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवून पाहिलं: माझी सात फुटी टेलिस्कोपिक मिटल्यावर 47 सेंटिमीटर आणि 198 ग्रॅम. तुकड्यांची, तेवढ्याच लांबीची, प्रत्येक तुकडा 56 सेंटिमीटर आणि सगळे मिळून 142 ग्रॅम. म्हणजे जी लांब ती हलकी निघाली. नळीत नळी बसवायची तर बाहेरची नळी जाड घ्यावीच लागते, शिवाय माझ्या टेलिस्कोपिकमध्ये फायबरग्लासचा भाग जास्त आहे. तरी तुकड्यांची रॉड नुसती नेता येत नाही, सुटे तुकडे एकमेकांवर आपटून चिरतात. नळकामाच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसीचा पाइप कापून आणला आणि दोन्ही टोकांना झाकणं लावली, तर तो एकटाच पाव किलोच्या आसपास भरतो. कमावलेलं सगळं वजन तिथेच गेलं.

त्यावर मला सापडलेला उपाय झोपायच्या मॅटचा. फोमची साधी मॅट बहुधा 50 ते 60 सेंटिमीटर रुंद असते आणि ती आपण तसंही नेतोच. माझी 60 ची आहे. मॅट जमिनीवर पसरायची, कडेपासून वीतभर आत चारही तुकडे कापडी पिशवीत घालून आडवे ठेवायचे, शेंडा मधोमध, आणि घट्ट गुंडाळायची. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर फोम पुढे राहतो, तोच बफर. वरून दोन रबरी पट्टे. पाइप नको, झाकणं नकोत, आणि लोकलमध्ये कुणाच्या डोळ्यात काठी जाण्याची भीती नाही. गुंडाळण्याआधी तुकडे मोजा, चार म्हणजे चार. मिटणाऱ्या रॉडचा शेंडा घरी विसरता येत नाही, या रॉडचा येतो.

रॉड सॅकच्या बाजूच्या खिशात उभी खोचायची सवय मात्र सोडा. डोक्यावर हातभर वर आलेला शेंडा पाऊलवाटेवर करवंदीच्या जाळीत अडकतो आणि गाडीच्या दारात मोडतो. आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्या लोकलच्या ओव्हरहेड तारेत 25,000 व्होल्टचा दाब असतो आणि कार्बनची रॉड वीज वाहून नेते. फलाटावर, पुलावर किंवा गाडीत मित्राला दाखवायला म्हणूनही रॉड उघडू नका. टेलिस्कोपिकच्या तोंडावरची टोपी हरवली असेल तर ती हातातल्या हातात घसरून उघडू शकते, म्हणून तिच्या तोंडाला रबरबँड लावलाच पाहिजे. हेच वळिवाच्या दिवसांत किनाऱ्यावर लागू: गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवायची आणि पाण्यापासून दूर व्हायचं.

बाकीच्या सामानावर फार लिहीत नाही. रील काढून मोज्यात आणि मोजा टोपात. गळ आणि शिसं एका छोट्या डबीत, गळांची टोकं थर्मोकोलच्या तुकड्यात खोचलेली. उन्हाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावर स्लीपिंग बॅग लागत नाही, चादर पुरते. दोन रॉडमध्ये फरक 56 ग्रॅमचा आहे आणि एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तेव्हा ग्रॅम मोजण्याआधी वाटेत पाणी कुठे भरता येईल ते विचारून घ्या. वजन हेच एकमेव माप असेल तर या दोन्हींपेक्षा कोळ्यांची हातगरी जिंकते: लाकडावर गुंडाळलेला तंगूस, शिसं, गळ, संपलं. खडकाच्या कडेला पाणी खोल असेल तिथे ती रॉडच्या बरोबरीने मासे काढते. मी आता दुसरी म्हणून नेहमी एक सोबत ठेवतो.

मग टेलिस्कोपिक घेऊच नये का? तसं नाही. ऑफिसच्या बॅगेत राहायची असेल तर तीच. उघडायला वीस सेकंद, कड्या सरळ करायला आणखी दहा. गोड्या पाण्यावर, धरणाच्या काठी, जिथे बूड मातीवर टेकतं आणि मिठाचा प्रश्न नाही, तिथे मुक्कामालाही चालते. धरणावर जाताना फक्त आधी विचारा, कारण राज्यातल्या बहुतेक तलावांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते आणि त्यांची परवानगी लागते. लहान मुलाला पहिली रॉड द्यायची तरी मी टेलिस्कोपिकच देईन. तुकडा हरवत नाही.

घेताना टेलिस्कोपिकच्या बुडाची टोपी आट्याची आहे का ते आधी पाहा. ती उघडली की सगळ्या नळ्या खालून बाहेर येतात आणि एकेक धुता येते. टोपी चिकटवलेली असेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. माझी मोडलेली तशीच होती. उघडताना झटका मारू नका. शेंड्याकडून एकेक नळी ओढा, कड्या एका रेषेत आणा आणि हलकं पिळून बसवा. मिटताना बुंध्याकडून सुरुवात करा. अडकलीच तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे सांध्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळून रॉड सरळ धरून हलकं पिळा, पकड लावू नका. तरीही न सुटल्यास घरी आणून बाहेरच्या नळीवर गरम पाणी सोडा, ती किंचित प्रसरण पावते.

तुकड्यांची घेताना दुकानातच जोडून पाहा. सांधा जोडताना कड्या पाव फेरा बाजूला ठेवायच्या आणि दाबत दाबत पिळून सरळ रेषेत आणायच्या. सांध्यावर मेणबत्तीचं साधं मेण घासलं की पकड नीट बसते आणि सुटतोही अलगद. गरवताना तासाभराने हात फिरवून तिन्ही सांधे चाचपा. फेकून फेकून ते सैल होतात आणि सैल सांध्यावर फेक टाकली की वरच्या तुकड्याचं तोंड उभं चिरतं. रात्री हे विसरायला होतं, म्हणून मी प्रत्येक वेळी गळावरची कोळंबी बदलताना डाव्या हाताने तपासतो.

घरी आल्यावर दोन्ही रॉड गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत, गॅलरीत, दोन दिवस उघड्या ठेवा. टेलिस्कोपिकची बुडाची टोपी काढून नळ्या सुट्या ठेवायच्या, तुकड्यांची कापडी पिशवीसुद्धा वाळवायची. आमच्या गॅलरीत त्या दोरीच्या हुकाला उभ्या टांगलेल्या असतात, आणि तिसऱ्या दिवशी बोट लावून आतून कोरडी वाटली तरच टोपी परत चढते.