पूर्वीचे दैनंदिन जीवन : प्राथमिक वर्गांतील अध्यापन

पूर्वीचे लोक कसे राहत, कपडे कसे धूत, उजेडासाठी काय वापरत, त्यांची मुले दिवसभर काय करत, अशा प्रश्नांतून साधारण पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना इतिहासाची ओळख करून देण्याची अध्यापनपद्धती. राजे, लढाया आणि तह यांच्याऐवजी घर, काम, प्रवास, शाळा आणि खेळ हे तिचे विषय असतात. या वयात राज्यकारभार किंवा करार यांचा अनुभव नसतो. अंघोळ, जेवण, झोप आणि खेळ यांचा मात्र भरपूर असतो. तुलनेसाठी स्वतःचे आयुष्य हाताशी असल्यामुळे ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांतला फरक मुलाला स्वतः शोधता येतो. शिक्षकाने फरकांची तयार यादी फळ्यावर लिहून दिली, तर हा शोध तिथेच थांबतो आणि उरते ते फक्त पाठांतर.

सामान्य माणसांचे जगणे जपण्याजोगे आहे, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोर धरू लागला. आर्तुर हासेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ हे खुले संग्रहालय सुरू केले. स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरे तिथे आणून उभारली गेली. शिक्षणाच्या क्षेत्रात निर्णायक पाऊल अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांचे. शिकागो विद्यापीठात १८९६ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या प्रायोगिक शाळेत लहान मुले सूत, लोकर, स्वयंपाक, सुतारकाम अशा कामांतून मानवी इतिहास शिकत. ड्यूईंनी नोंदवलेला एक प्रसंग आजही मार्गदर्शक आहे. मुलांच्या एका गटाने बोंडांतून आणि सरकीपासून कापूस हाताने सोडवायला घेतला. ३० मिनिटांच्या मेहनतीनंतर हाती आला एक औंसाहूनही, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमहूनही कमी कापूस. आपले पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का वापरत, याचे उत्तर त्या मुलांना त्यांच्याच बोटांनी दिले होते. पुढे १९१८ पासून मार्जोरी आणि चार्ल्स क्वेनेल या दांपत्याने इंग्लंडमधील रोजच्या वस्तूंचा सचित्र इतिहास मुलांसाठी लिहिला. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात १९९१ पासून पाचव्या वर्षापासूनच्या मुलांसाठी इतिहास आवश्यक झाला. आज तिथे सर्वांत लहान वर्गांत जिवंत माणसांच्या आठवणीत घडलेले बदल शिकवले जातात.

इतक्या लहान मुलांना काळ कळतो का, यावर बराच वाद झाला आहे. मुलाच्या मनातील काळाच्या कल्पनेवर स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९४६ मध्ये ग्रंथ लिहिला. मुलांची विचारशक्ती वयानुसार ठरावीक टप्प्यांनी वाढते, या त्यांच्या मांडणीच्या आधारे १९६० च्या दशकात काही अभ्यासक, विशेषतः रॉय हॅलम, या निष्कर्षाला आले की इतिहासाचा खरा विचार पौगंडावस्थेतच जमतो. उलट, कोणताही विषय प्रामाणिकपणे सोपा करून कोणत्याही वयात शिकवता येतो, अशी भूमिका अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडली होती. अमेरिकेत कीथ बार्टन आणि लिंडा लेव्हस्टिक यांनी १९९० च्या दशकात मुलांपुढे वेगवेगळ्या काळांतली चित्रे ठेवून ती क्रमाने लावायला सांगितली. कपडे, वाहने, इमारती यांवरून अगदी लहान मुलेही आधीचे आणि नंतरचे बऱ्याच अंशी ओळखत होती. सनावळ्यांना मात्र त्यांच्या लेखी फारसा अर्थ नव्हता. यातून वर्गासाठी निघणारा मार्ग सरळ आहे : आधी क्रम, मग सन. ‘मी लहान असताना’, ‘आई लहान असताना’, ‘आजी लहान असताना’ अशा टप्प्यांची कालरेषा दोरीवर चित्रे अडकवून करता येते. ती वर्षभर भिंतीवर राहिली आणि प्रत्येक नव्या वस्तूला तिच्यावर जागा मिळाली, तरच तिचा उपयोग होतो.

इतिहासाच्या भौतिक, लिखित आणि मौखिक साधनांपैकी या वयात भौतिक साधने सर्वांत परिणामकारक ठरतात. कोळशाची इस्त्री घ्या. ती काय आहे हे न सांगता मुलांच्या हाती द्यावी. पहिली प्रतिक्रिया वजनाची असते. मग झाकण उघडते, आत पोकळी दिसते, बाजूची भोके दिसतात. मूठ लाकडाचीच का? भोके कशाला? आत काय ठेवत असतील? विस्तवाला हवा लागते, धातू तापतो, लाकूड हाताला चटका बसू देत नाही, अशी उत्तरे मुलेच जुळवत जातात. मग शिक्षकाने पुढचा प्रश्न टाकायचा : राख कपड्यावर पडली तर? हे वजन दिवसभर कोण उचलत असेल? इथे वस्तूवरून बोलणे माणसावर येते, आणि इतिहास सुरू होतो तो इथूनच. वस्तूचे नाव आणि उपयोग सांगून ती पुन्हा कपाटात ठेवणाऱ्या तासाला वस्तुपरिचयच म्हणावे लागेल.

मौखिक साधनासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत हा रूढ उपक्रम आहे. त्यात प्रश्नांवर मेहनत घ्यावी लागते. ‘तुमच्या वेळी कसं होतं?’ असे विचारले की ‘फार साधं होतं’ एवढेच उत्तर येते. ‘तुम्ही शाळेत कशावर लिहायचात? पुसायचात कशानं?’ असे विचारले की गोष्ट निघते. एकाच काळाबद्दल दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर त्यांतली एक चूक ठरवण्याची घाई करू नये. दोघे कुठे राहत होते, घरची परिस्थिती कशी होती, हे विचारायला मुलांना लावावे.

या अध्यापनातला सर्वांत मोठा दोष म्हणजे भूतकाळ ‘नव्हते’च्या यादीत मांडणे : वीज नव्हती, नळ नव्हते, फोन नव्हता. त्यातून पूर्वीची माणसे बिचारी किंवा अडाणी होती, असा समज घट्ट बसतो. ‘मग ते काय करत?’ हा प्रश्न त्यावर उपाय आहे. फ्रिज नसताना अन्न वाळवणे, खारवणे, धुरावणे यांमागे ऋतूंचे आणि पदार्थांचे बारीक ज्ञान होते, हे मुलांना समजू शकते. दुसरा दोष सगळा भूतकाळ एकच मानण्याचा. गुहेत राहणारा माणूस आणि पणजोबा मग एकाच काळात जाऊन बसतात. तिसरा, ‘पूर्वी लोक असे राहत’ या वाक्यात सगळ्यांना कोंबण्याचा. श्रीमंतांच्या वस्तू टिकतात आणि संग्रहालयात पोचतात, गरिबांच्या झिजून संपतात. हे असमतोलाचे कारण सात वर्षांच्या मुलालाही सांगता येते.

त्याहून नाजूक गोष्ट अशी की शिक्षक ज्याला जुने म्हणतो, ते वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी आजही चालू असते. हाताने कपडे धुणे किंवा चुलीवरचा स्वयंपाक ‘पूर्वीच्या काळी’ या मथळ्याखाली टाकला, तर त्या मुलाचे घरच भूतकाळात ढकलले जाते. अशा वेळी ‘काही ठिकाणी बदलले, काही ठिकाणी टिकले’ असे सांगणे अधिक खरे असते, आणि ज्याच्या घरी ते काम होते तोच वर्गात जाणकार ठरतो.

पोशाख घालून जुन्या शाळेचा एक दिवस उभा करण्यासारखे अभिनयाचे उपक्रम मुलांना मनापासून आवडतात. मात्र गुलामगिरी, बालमजुरी, उपासमार, रोगराई हेही त्या रोजच्या जगण्याचे भाग होते आणि त्यांचे नाटक करू नये. कुणाला मालक आणि कुणाला गुलाम बनवल्याने अन्याय समजत नाही. एखाद्या मुलाच्या मनात अपमान तेवढा राहतो. असे विषय एखाद्या वस्तूच्या, चित्राच्या किंवा एका माणसाच्या गोष्टीच्या आधाराने, थोडक्यात आणि खोटे न बोलता सांगावेत. मूल्यमापनात किती वस्तूंची नावे आठवतात याऐवजी मूल ‘कारण’ जोडू लागले का, ते पाहिले जाते : ‘ते लवकर झोपत’ इथून ‘ते लवकर झोपत कारण तेल महाग असायचं’ इथपर्यंतची वाटचाल या वयात मोठी मानली जाते.