टोर्डेसिलास आणि सारागोसा: दोन तह, दोन वेगळे व्यवहार

स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात १४९४ मध्ये झालेला टोर्डेसिलासचा तह आणि १५२९ मध्ये झालेला सारागोसाचा तह हे एकाच वाटणीचे दोन भाग होते, म्हणजे पहिल्याने पृथ्वी अटलांटिकमध्ये चिरली आणि दुसऱ्याने तीच चीर मागच्या बाजूने पुरी केली, असे अनेकदा सांगितले जाते. नकाशावर दोन उभ्या रेषा शेजारीशेजारी दाखवल्या की ते पटतेही. प्रत्यक्षात हे दोन तह स्वरूपाने निराळे आहेत, आणि तो फरक ध्यानात घेतल्याशिवाय या दोन राज्यांची मसाल्यांवरून झालेली स्पर्धा नीट उलगडत नाही.

टोर्डेसिलासचा तह ७ जून १४९४ रोजी झाला. त्याआधी एकच वर्ष कोलंबस पहिल्या सफरीवरून परतला होता, आणि त्याला सापडलेली बेटे आपल्या हद्दीत येतात असा पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव याचा दावा होता. मे १४९३ मध्ये पोप सहाव्या अलेक्झांडरने अटलांटिकमधील अझोर्स आणि केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेस शंभर लीगांवर (लीग हे अंतराचे जुने माप) रेषा आखून पलीकडचा प्रदेश स्पेनला दिला. पोप स्वतः व्हॅलेन्सियाच्या राज्यात जन्मलेला असल्याने हा निवाडा पोर्तुगालला पक्षपाती वाटला तर नवल नाही. येथे आणखी एक गल्लत होते: पोपची रेषा आणि तहाची रेषा एक नव्हेत. जुआंवने स्पेनचे राजा-राणी फर्डिनंड आणि इसाबेला यांच्याशी थेट बोलणी करून ती रेषा केप व्हर्देच्या पश्चिमेस ३७० लीगांपर्यंत सरकवून घेतली. १५०० मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला तेव्हा तो किनारा पोर्तुगालच्या वाट्याला आला, तो या सरकवण्यामुळेच.

मात्र हा तह न पाहिलेल्या जगाचा होता. ३७० लीग केप व्हर्देच्या कोणत्या बेटापासून मोजायचे, लीगची लांबी किती धरायची, हे त्यात नव्हते. दोन्ही देशांच्या जहाजांनी मिळून रेषा निश्चित करावी असे ठरले होते, ती सफर कधी निघालीच नाही. समुद्रावर रेखांश अचूक काढण्याचे साधन तेव्हा कोणाकडेही नव्हते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला ही रेषा कोठे जाते याबद्दल तहात एक अक्षरही नाही.

ती उणीव भासली ती लवंगेमुळे. त्या काळी लवंग पिकत असे ती आजच्या इंडोनेशियातील तेर्नाते, तिदोरे आणि त्यांच्या आसपासच्या मूठभर बेटांवर. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का हे मलाया द्वीपकल्पावरचे बंदर घेतले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सिस्को सेराव तेर्नातेला पोहोचला. स्पेनच्या बाजूने मॅगेलनचा काफिला पश्चिमेकडून निघाला. तो स्वतः वाटेत मारला गेला, तरी त्याची जहाजे १५२१ मध्ये तिदोरेला लागली आणि ‘व्हिक्टोरिया’ लवंगा भरून स्पेनला परतले. दोन विरुद्ध दिशांनी आलेली दोन राज्ये एकाच ठिकाणी येऊन भिडली. १५२४ मध्ये बादाहोस आणि एल्व्हास या सीमेवरच्या गावांत दोन्हींकडचे खलाशी आणि खगोलज्ञ बसले, तरी बेटे कोणाच्या अर्ध्यात पडतात हे ठरले नाही.

सारागोसाचा तह या कोंडीतून, २२ एप्रिल १५२९ रोजी, आला. पण त्याने तो प्रश्न सोडवला नाही, पैसे देऊन बाजूला ठेवला. फ्रान्सशी चाललेल्या युद्धांमुळे स्पेनचा राजा असलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सला पैशाची निकड होती. साडेतीन लाख डुकाट (सोन्याची नाणी) घेऊन त्याने बेटांवरचा आपला हक्क पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंवला विकला, आणि रक्कम परत केल्यास हक्क परत मिळेल अशी अट ठेवली. आपल्याकडच्या मुदतखरेदीसारखाच हा व्यवहार होता. बेटांच्या पूर्वेस साडे २९७ लीगांवर जी रेषा आखली, ती या विक्रीची हद्द होती. टोर्डेसिलासच्या रेषेची ती समोरची बाजू नव्हे: दोन्ही रेषा धरल्या तर पोर्तुगालच्या वाट्याला १८० अंशांहून अधिक पृथ्वी येते. आजच्या मोजणीने पाहता ही बेटे मुळातच पोर्तुगालच्या अर्ध्यात पडतात. म्हणजे जे त्याचेच ठरले असते, त्यासाठी पोर्तुगालने एवढी रक्कम मोजली.

तेर्नाते आणि तिदोरे येथे राज्य करणाऱ्या सुलतानांना यातले काही विचारले गेले नव्हते, हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. गोव्याच्या बाबतीतही तेच: १५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून गोवा घेतला तो शस्त्रबळावर, टोर्डेसिलासमुळे एवढेच झाले की स्पेनने तेथे प्रतिस्पर्धी म्हणून पाऊल ठेवले नाही. डच आणि इंग्रजांना हे तह कधीच मान्य नव्हते, आणि १६०५ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून अंबोन घेतले.

खुद्द करार करणाऱ्यांनीही रेषा पाळल्या नाहीत. सारागोसाच्या रेषेच्या पश्चिमेस, म्हणजे पोर्तुगालच्या बाजूस, असूनही स्पेनने १५६५ पासून फिलिपिन्समध्ये वसाहत केली, आणि ब्राझीलमधून पोर्तुगीज टोर्डेसिलासची रेषा ओलांडून ॲमेझॉनच्या खोऱ्यात दूरवर गेले. अखेर १३ जानेवारी १७५० च्या माद्रिदच्या तहात ही दोन उल्लंघने एकमेकांसमोर मांडली गेली: पोर्तुगालने फिलिपिन्सवरचा दावा सोडला, स्पेनने ब्राझीलमधील विस्तार मान्य केला, आणि टोर्डेसिलास व सारागोसा हे दोन्ही तह एकाच कागदाने रद्द ठरले.