दुय्यम आरशाला सतारीच्या तारांचा आधार

जेम्स वेब दुर्बिणीची पहिली रंगीत छायाचित्रे जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ताऱ्यांना खरोखरच टोके असतात असे मानणारे आमच्या बेळगाव-खानापूर भागातही भेटतात, आणि त्या सहा मोठ्या टोकांत षट्कोणी यंत्राची शक्ती पाहणारेही. ती टोके ताऱ्याची नसून दुर्बिणीची असतात. आरशाच्या कडेशी किंवा आधाराच्या दांड्याशी प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो वळून पसरतो, आणि सरळ दांड्यामुळे तो दांड्याच्या काटकोनात दोन्ही बाजूंना पसरतो.

घरी केलेल्या न्यूटनीय, म्हणजे तळाशी अंतर्गोल आरसा असलेल्या दुर्बिणीत ४५ अंशांत बसवलेला लहान सपाट आरसा, म्हणजेच दुय्यम आरसा, प्रकाशाच्या वाटेतच धरून ठेवावा लागतो. त्यासाठी सहसा पत्र्याच्या चार पट्ट्या वापरतात. १ मिलिमीटर जाडीच्या पट्टीऐवजी ०.३ मिलिमीटरची, म्हणजे मिरजेच्या सतारीवर असते तशी पोलादी तार घेतली, तर सावली सुमारे तिपटीने घटते. टोके जात नाहीत, पण फिकी होतात.

अडचण अशी की तार ओढते, ढकलत नाही. कोणतीही वस्तू तीन दिशांना सरकू शकते आणि तीन अक्षांभोवती फिरू शकते. या सहाही हालचाली केवळ ताणाने रोखायच्या तर किमान सात तारा लागतात, आणि समतोल साधण्यासाठी आठ घेणे सोयीचे. त्या कशा लावायच्या हे सायकलचे चाक शिकवते. स्पोक हबच्या मध्यातून न निघता बाजूने निघतात म्हणून हब रिममध्ये पिळवटत नाही, आणि हबच्या दोन टोकांकडून येऊन रिमवर जवळ येतात म्हणून चाक कलत नाही. त्याचप्रमाणे आरशाच्या ठोकळ्याच्या (बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही लेथवर तो होतो) वरच्या टोकाकडून चार व खालच्या टोकाकडून चार तारा काढाव्यात, आणि वरची-खालची जोडी ठोकळ्याभोवतीच्या बाहेरच्या कड्यावर एकाच बिंदूत आणावी. प्रत्येक जोडी मध्यापासून थोडी बाजूला ठेवावी. समोरासमोरच्या दोन जोड्या ठोकळ्याला एका दिशेने फिरवू पाहतील, तर उरलेल्या दोन उलट दिशेने. जोडीतील तारा एकाच उभ्या प्रतलात राहिल्याने एकीची सावली दुसरीवर पडते आणि टोके चारच राहतात.

ताण किती द्यावा? सुमारे ५ किलो वजनाइतक्या ताणाने ६० मिलिमीटरची ही तार साधारण ०.२ मिलिमीटर ताणली जाते. रात्री तापमान १० अंशांनी उतरले, तरी तिच्या लांबीत जेमतेम ०.००७ मिलिमीटर फरक पडतो. म्हणून ती थंडीत ढिली पडेल ही भीती निराधार आहे. या ताणाला तिचा स्वर २५०० हर्ट्झच्या आसपास लागतो, आणि समान लांबीच्या तारा छेडून स्वर जुळले की ताण जुळला. कडे मात्र पातळ प्लायवुडचे नको, नाहीतर तेच लंबगोल होते. आमच्याकडच्या पावसात पोलाद लवकर गंजते, तेव्हा जून ते सप्टेंबर तारांना तेलाचा हात द्यावा आणि तार जिथे अडकवली त्या खाचेपाशी गंज दिसताच तार बदलावी.