ड्रम चढण्याआधीचं गाणं

ठाण्यात ज्यांनी ऐंशीच्या दशकात इंग्रजी गाणी ऐकायला सुरुवात केली, त्यांच्या घरी पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल ही अमेरिकन गायकांची जोडी बहुधा भरून घेतलेल्या कॅसेटमधून आली. स्टेशनजवळच्या दुकानात नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. आमच्या नौपाड्याच्या घरी दादाने आणलेल्या कॅसेटवर १९७२ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मधली गाणी होती. त्यातलं ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ म्हणजे ड्रम, इलेक्ट्रिक गिटार असा सगळा सरंजाम. हे गाणं जन्मलंच असं, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो.

कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने २००१ मध्ये या जोडीचे पाचही स्टुडिओ अल्बम रीमास्टर करून, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने साफ करून, पुन्हा काढले. त्यातला पहिला अल्बम १९६४ चा, ‘वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए.एम.’ या नावाचा. एका रविवारी दुपारी, बाहेर पाऊस लागलेला असताना, तो घरी लावला. तेच गाणं सुरू झालं, पण त्यात गिटार, मागे हलका बास आणि दोन आवाज एवढंच. कॉपीवरून कॉपी काढलेल्या कॅसेटवर सतत येणारी ती सूं नाही. गारफंकलचा श्वास ऐकू येतो. मी मध्येच थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

ही दोघं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढली. दोघांचा जन्म १९४१ चा. शाळेच्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ नाटकात एक पांढरा ससा झाला, दुसरा चेशायर मांजर, आणि तिथून मैत्री जमली. एव्हर्ली ब्रदर्स या गाणाऱ्या भावांच्या रेकॉर्डी ऐकून दोघं जोडगाणं शिकले. १९५७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ‘टॉम अँड जेरी’ या नावाने त्यांची ‘हे, स्कूलगर्ल’ ही रेकॉर्ड आली आणि बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४९ व्या क्रमांकापर्यंत गेली. पुढे सायमनने मित्राला न सांगता एकट्याची रेकॉर्ड केली. ते गारफंकलला फार लागलं. काही वर्षं दोघं वेगळे झाले, वेगवेगळ्या टोपणनावांनी गात राहिले.

‘साउंड ऑफ सायलेन्स’ची सुरुवात न्हाणीघरात झाली, असं सायमनने पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. दिवा बंद करायचा, नळ सोडून द्यायचा आणि अंधारात गिटार वाजवत बसायचं. भिंतीच्या टाइलांमुळे आवाज घुमून परत यायचा. पहिल्या ओळीतला अंधार तिथला आहे. गाणं पुरं व्हायला काही महिने लागले. हे कळल्यावर मला त्या गाण्यात शहराचा एकटेपणा कमी आणि एका बंद दारामागचा विशीतला मुलगा जास्त ऐकू येऊ लागला.

१९६३ मध्ये दोघं न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या गर्डीज फोक सिटी या क्लबात ‘केन अँड गार’ म्हणून गाऊ लागले. कोलंबियाचा निर्माता टॉम विल्सन याच्या कानावर ही गाणी गेली. त्याच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या गोष्टीत त्याचं नाव नेहमी घाईत उरकलं जातं. हार्वर्डमध्ये शिकलेला हा कृष्णवर्णीय निर्माता मुळात जॅझचा माणूस. सन रा, सेसिल टेलर यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी त्याने काढल्या होत्या, आणि याच सुमाराला तो बॉब डिलनचंही काम पाहत होता.

मार्च १९६४ मध्ये अल्बम ध्वनिमुद्रित झाला. १२ गाण्यांपैकी पाच सायमनची, बाकी लोकगीतं, भजनाच्या वळणाची गाणी आणि इतरांच्या रचना. ध्वनिमुद्रक होता रॉय हॅली. दोघांना एकाच माइकसमोर, एकाच वेळी उभं राहून गायचं असे, आणि त्यांचा आवाज मिसळायचा तोही तसाच. रीमास्टरमध्ये जे कानात भरतं ते हेच. आपल्याकडे पोवाड्यात झीलकरी शाहिराची ओळ उचलतात, पण सूर तोच असतो. झील ओळीला बळ देते. इथे दोघं एकाच शब्दावर दोन वेगळे सूर लावतात, आणि दोन्हींच्या मध्ये तिसराच आवाज उभा राहिल्यासारखा वाटतो. ‘ब्लीकर स्ट्रीट’ ऐकताना हे सगळ्यात स्पष्ट कळतं. महिना ३० डॉलर भाड्याच्या गल्लीचं ते गाणं आहे, आणि माझ्या मते पहिल्या अल्बममधलं सगळ्यात सुंदर. या नव्या आवृत्तीत त्याचा कच्चा, सरावातला नमुनाही जोडलेला आहे.

१९ ऑक्टोबर १९६४ ला अल्बम बाजारात आला आणि पडला. कारण समजण्यासारखं आहे. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला बीटल्स एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात दिसले आणि अमेरिकेतल्या तरुणांचे कान तिकडे वळले. नुसत्या गिटारीवर हळू आवाजात गाणाऱ्या दोन मुलांकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. जोडी जवळजवळ मोडलीच. सायमन इंग्लंडला जाऊन तिथल्या फोक क्लबांत गाऊ लागला, गारफंकल कॉलेजात परतला.

इकडे अमेरिकेत एक-दोन रेडिओ केंद्रांवर कॉलेजची मुलं ‘साउंड ऑफ सायलेन्स’ पुन्हा पुन्हा मागू लागली. बर्ड्स या बँडने डिलनच्या गाण्याला इलेक्ट्रिक साज चढवला होता, आणि १९६५ च्या उन्हाळ्यात ते यादीत वर चढत होतं. विल्सनने वारा ओळखला. जून १९६५ मध्ये त्याने जुन्या ध्वनिमुद्रणावर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. गाणाऱ्या दोघांना विचारलंही नाही. सायमनला पत्ता लागला तेव्हा तो युरोपात होता, आणि गाणं यादीत चढत होतं. १ जानेवारी १९६६ ला ते पहिल्या क्रमांकावर होतं. पडलेला पहिला अल्बम मग कंपनीने पुन्हा बाजारात आणला, आणि तो ३० व्या क्रमांकापर्यंत गेला.

विल्सनने केलं ते चूक, असं मी म्हणणार नाही. त्याने ते केलं नसतं तर पुढचे चार अल्बम झाले नसते, आणि दादाची कॅसेटही भरली गेली नसती. पण न विचारता केलेली ती गोष्ट सायमनला खटकली, आणि साध्या रूपातलं गाणं ऐकल्यावर मलाही त्याचं मन कळतं. ड्रम नसताना शब्दांना जागा मिळते. शेवटच्या कडव्यात दोघं आवाज चढवतात, तेव्हा तो चढ त्यांचा स्वतःचा असतो, मागून कुणी ढकललेला नसतो.

आता दोन्ही रूपं मी लागोपाठ लावतो. मूळ गाणं मेट्रोनोमवर, म्हणजे लय मोजून देणाऱ्या यंत्रावर, गायलेलं नव्हतं, दोघांची लय श्वासाबरोबर किंचित मागेपुढे होत होती. वर्षभराने स्टुडिओत आलेल्या वादकांना त्या लयीच्या मागे जावं लागलं. इलेक्ट्रिक रूपात एका ठिकाणी ड्रमवाला किंचित थबकतो, दोघांचे आवाज येऊन मिळेपर्यंत. कॅसेटवर ते मला कधी ऐकू आलं नव्हतं. आता दर वेळी कान तिथेच जातो.