डेव्हन ॲलन आणि 0.099 सेकंद : पार्श्वभूमी

110 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील अमेरिकी धावपटू डेव्हन ॲलन याने एप्रिल 2022 मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाशी करार केला, तेव्हा फुटबॉलचा (अर्थात अमेरिकन फुटबॉलचा) शेवटचा सामना खेळून त्याला साडेपाच वर्षे झाली होती. ट्रॅक आणि फुटबॉल या दोन्हींत नाव कमावणारे त्याच्याआधीही होते. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये 100 मीटर जिंकणारा बॉब हेज नंतर डॅलसकडून खेळला. 110 मीटर अडथळ्यांची शर्यत 13 सेकंदांच्या आत पूर्ण करणारा पहिला धावपटू रेनाल्डो नेहेमाया याने 1982 मध्ये फुटबॉलचा करार केला आणि ऑलिंपिकमध्ये फक्त ‘हौशी’, म्हणजे खेळासाठी पैसे न घेणाऱ्या, खेळाडूंना प्रवेश देणाऱ्या नियमामुळे त्याला 1984 च्या ऑलिंपिकला मुकावे लागले. ॲलनच्या पिढीला ही अट उरली नव्हती. त्याची वाट दुसऱ्याच नियमाने अडवली.

ओरेगन विद्यापीठात असताना 2014 मध्ये त्याने अडथळ्यांच्या शर्यतीत विद्यापीठीय आणि राष्ट्रीय अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली आणि त्याच हंगामात वाइड रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) म्हणून सात टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेऊन मिळवलेले गुण) केले. 1 जानेवारी 2015 च्या रोझ बोल या विद्यापीठीय फुटबॉलच्या सामन्यात त्याचा गुडघा दुखावला, सप्टेंबर 2016 मध्ये दुसरा. त्यानंतर त्याने फुटबॉल बाजूला ठेवला. अडथळ्यांच्या शर्यतीत तो 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पाचवा आला होता, 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा आला.

12 जून 2022 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने 12.84 सेकंद नोंदवले. तोवर त्याच्याहून वेगाने केवळ दोघे धावले होते. पाच आठवड्यांनी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती, तीही यूजीनला, म्हणजे त्याच्या विद्यापीठाच्याच मैदानावर. मधल्या काळात त्याचे वडील वारले.

17 जुलैच्या अंतिम फेरीत ‘फॉल्स स्टार्ट’ ठरवून त्याला बाद केले गेले. हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. ऐकणाऱ्याला वाटते, की खेळाडू पिस्तुलाच्या आवाजाआधी सुटला असेल. ॲलन आवाजानंतरच सुटला होता. मात्र पायांमागच्या ब्लॉकमधील संवेदकाने त्याची प्रतिक्रिया 0.099 सेकंदांची नोंदवली आणि 0.100 पेक्षा कमी वेळ म्हणजे अंदाजाने घेतलेली सुरुवात, असे नियम धरून चालतो. फरक एक सहस्रांश सेकंदाचा होता. उपांत्य फेरीत त्याने 0.101 ची नोंद केली होती आणि ती निर्दोष ठरली होती. आक्षेप नोंदवून धावू देण्याची त्याची विनंती पंचांनी मान्य केली नाही. त्याने ट्रॅक सोडला, तेव्हा प्रेक्षक निर्णयाचा धिक्कार करत होते.

0.1 सेकंदाच्या आत कोणीही आवाज ऐकून हालचाल करू शकत नाही, या समजुतीवर ही मर्यादा उभी आहे. ॲथलेटिक्सच्या जागतिक नियामक संस्थेनेच करवून घेतलेल्या 2009 च्या अभ्यासात ती 0.080 ते 0.085 पर्यंत खाली आणावी, असे सुचवले होते. तरीही ती बदलली नाही. उलट 2010 पासून पहिल्याच चुकीला बाद करण्याचा नियम आला. त्याआधी, 2003 पासून, साऱ्या धावपटूंना मिळून एक चूक माफ असे. म्हणजे मोजमाप होते तेच राहिले आणि शिक्षा मात्र कडक झाली. शिवाय यूजीनच्या त्या स्पर्धेत इतर शर्यतींतील प्रतिक्रियांच्या वेळाही नेहमीपेक्षा कमी नोंदल्या गेल्याचे आकडेवारीच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. उपकरणाविषयी एवढी शंका असताना एका सहस्रांशावर खेळाडूला घरी पाठवणे न्याय्य म्हणता येत नाही. फुटबॉलमध्येही ‘फॉल्स स्टार्ट’ आहे, पण तिथे तो करणाऱ्या संघाला पाच यार्ड मागे जावे लागते आणि सामना पुढे चालू राहतो.

ती अंतिम फेरी अमेरिकेच्याच ग्रँट होलोवेने 13.03 सेकंदांत जिंकली. याच मैदानावर 2016 च्या ऑलिंपिक निवड चाचणीत ॲलनने नेमकी हीच वेळ दिली होती. ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडविरुद्धच्या हंगामपूर्व सामन्यात त्याने 55 यार्डांचा पास झेलून टचडाउन केला आणि हंगाम सुरू झाला तेव्हा फिलाडेल्फियाने त्याला सराव संघात, म्हणजे मुख्य संघाबाहेरच्या राखीव खेळाडूंत, ठेवले.