कर्जमाफीची यादी : सोसायटीच्या वहीपासून शेतकरी ओळख क्रमांकापर्यंत

आधार क्रमांकाची देशातली सुरुवात खान्देशातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिले क्रमांक वाटले गेले. तोवर शेतकऱ्याची ओळख म्हणजे सातबारा आणि गावात पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीची वही. सचिव गावातला, कोणाचे खाते कोणते हे त्याला तोंडपाठ.

२००८ ची केंद्राची कर्जमाफी अशाच नोंदींवरून झाली. पुढे लेखापरीक्षणात अपात्रांना लाभ मिळाल्याचे आणि पात्र शेतकरी सुटल्याचे, असे दोन्ही आढळले. त्यामुळे २०१७ मध्ये राज्याने दीड लाखापर्यंतची माफी जाहीर केली, तेव्हा यादी बँकेवर सोडली नाही. शेतकऱ्यानेच ऑनलाइन अर्ज भरायचा, कुटुंब हे एकक, पती-पत्नी दोघांचे आधार जोडायचे, असे ठरले.

पडताळणी हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण अर्ज आले ऐन खरिपात. निंदणीचा रोज बुडवून नवरा-बायकोने तालुक्याच्या सेवा केंद्रावर रांग लावायची आणि सर्व्हर बंद म्हणून परत फिरायचे, असे गावोगाव झाले. केळीच्या चिकाने आणि मातीकामाने झिजलेला अंगठा यंत्रावर उठत नसे. नावांचा घोळ त्याहून मोठा. सोसायटीच्या वहीत 'पाटील शांताराम दगा', पासबुकात 'एस. डी. पाटील', आधारवर 'शांताराम दगा पाटील'. सचिवाला हा एकच माणूस, संगणकाला तीन. दिवाळीच्या तोंडावर आलेल्या याद्यांत एकाच आधार क्रमांकावर अनेक खाती निघाली आणि वाटप रखडले. तोवर जुने कर्ज थकीत, म्हणून नवे पीककर्ज नाही. मग सावकाराचा उंबरठा. जिल्हा बँकांची माणसेही महिनोन्महिने तक्ते दुरुस्त करत बसली. नोंदीतली तफावत कार्यालयांची होती, ती निस्तरण्याचे काम मात्र शेतकऱ्याच्या गळ्यात पडले. माझ्या मते २०१७ च्या निर्णयातली खरी चूक हीच.

डिसेंबर २०१९ च्या दोन लाखांच्या माफीत ती बरीचशी सुधारली. अर्ज काढून टाकला, माहिती बँकांनीच भरली, यादी गावात लागली आणि शेतकऱ्याकडे फक्त आधार प्रमाणीकरण उरले. रक्कम जुळली नाही तर तिथेच तक्रार नोंदवता येई.

आता ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदींच्या सरकारी योजनेतला शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. तो सातबाऱ्याला बांधलेला. सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडे मात्र अनेकांची शेती २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेल्या पट्ट्यावर आहे आणि त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव मालक म्हणून नसते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली ही माणसे नोंदणीच्या शिबिराला येणार कधी? त्यांच्या पट्ट्यांच्या नोंदी महसूल आणि वन खात्यांकडे आहेतच. त्या या खात्यांनीच जुळवून भरायला हव्यात, आणि त्या भरून होईपर्यंत क्रमांक नाही म्हणून कोणाचाही लाभ अडवता कामा नये.