मधली सुट्टी आणि सहा वर्षांची दाढ

'दात किडणे' हा शब्दच जुन्या समजुतीतून आला आहे. दाढेत कीड शिरते आणि आतून पोखरते असं मानत, म्हणून भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ती 'पाडत'. या समजुतीला शास्त्रीय उत्तर मिळालं 1890 मध्ये. बर्लिनमधल्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने मांडलं, की तोंडातले जिवाणू साखर-पिठापासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. 1940 च्या दशकात रॉबर्ट स्टीफनने हे मोजून दाखवलं. साखरेच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांत दातावरच्या थराचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली, म्हणजे दात विरघळू लागण्याइतका, उतरतो. तो वर यायला अर्धा ते एक तास लागतो.

मग स्वीडनमध्ये लुंडजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेतला प्रयोग झाला. 436 मतिमंद रुग्णांना, त्यांच्या संमतीविना, वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली. आज कुणी असा प्रयोग करू धजणार नाही. पण 1954 मध्ये आलेला निष्कर्ष अजून टिकून आहे: जेवणासोबतच्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट टॉफीने मात्र ती झपाट्याने वाढली. पुढे स्वीडनमध्ये गोड खायला फक्त शनिवार, ही सवय रुजली.

आपल्याकडे चाक उलटं फिरलं. नाशिकच्या शाळांबाहेर टोपलीत बोरं, पेरू, आवळे, खारे शेंगदाणे असत, तेही हंगामापुरते. नव्वदच्या दशकापासून पाच-दहा रुपयांची पाकिटं दुकानाच्या दाराशी माळेसारखी लटकू लागली, बारा महिने. 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत 12 वर्षांच्या 53.8 टक्के मुलांचे दात किडलेले निघाले.

पालक चॉकलेटला घाबरतात आणि बिस्किटाला निर्धास्त असतात. खरं तर चॉकलेट लाळेत विरघळून जातं. बिस्किटाचा नाहीतर वेफर्सचा लगदा दाढेच्या खाचांत बसून राहतो, आणि तिथे ब्रशचा केसही पोहोचत नाही. सर्वात आधी बळी जाते ती सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ. ती दुधाच्या दाढांच्या मागे येते, तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही. म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात, 'पडेलच' म्हणून सोडून देतात. ती परत येत नाही.

आठ गोळ्या एकदम खाल्ल्या तर आम्लाचा एकच हल्ला होतो. त्याच गोळ्या दप्तरात ठेवून तासातासाला एकेक चघळली तर आठ हल्ले, म्हणजे किमान चार तास. त्यामुळे गोड द्यायचंच तर जेवणाच्या ताटातच द्यावं. मधल्या सुट्टीला पोळी-भाजी, फुटाणे, शेंगदाणे, काकडी, पेरू. मनुका पौष्टिक खरी, पण चिकटते. खाऊन झालं की पाण्याने खळखळून चूळ भरावी. रात्री 1000 पीपीएम (दहा लाखांत 1000 भाग) किंवा अधिक फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन ब्रश करावा आणि त्यानंतर दूधसुद्धा देऊ नये. नव्या दाढेच्या खाचा खोल असतील तर किडण्याआधीच दंतवैद्याकडून सीलंटने (खाचा बंद करणाऱ्या लेपाने) बुजवून घ्याव्यात.